विमानं मोजली, शिकलेलं कोण मोजणार?

26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडच्या तळावर मिग-21 ला निरोप दिला गेला. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, 17 ऑक्टोबरला, संरक्षणमंत्री राजनाथ सिंह नाशिकजवळ ओझरच्या विमान कारखान्यात आले. नाशिकमध्ये जुळवलेलं पहिलं तेजस मार्क-1ए त्यांच्यासमोर उडालं. तेजसच्या तिसऱ्या आणि एचटीटी-40 या प्रशिक्षण विमानाच्या दुसऱ्या उत्पादन साखळीचं उद्घाटनही त्याच दिवशी झालं. एक गेलं, दुसरं आलं. मधल्या काळात टीव्हीवर आणि व्हॉट्सअॅपवर आकड्यांचा नुसता पाऊस पडत होता. नाशिकने 657 मिग-21 बांधली, 165 मिग-27 बांधली, 222 सुखोई बांधली. आकडे खरे आहेत. त्यातल्या काही विमानांच्या पंखांत माझ्या हातचे रिव्हेट आहेत, तेव्हा अभिमान मलाही आहेच. पण या साठ वर्षांच्या परदेशी मदतीतून आपण शिकलो किती, याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. तो हिशेब आत्ताच मांडायला हवा, कारण पुढचे करार आत्ता होताहेत.

मी निफाड तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. आयटीआय केलं, सत्तरच्या दशकात अप्रेंटिस म्हणून ओझरला लागलो आणि पंखांच्या शॉपमधूनच निवृत्त झालो. आमच्याकडे त्या काळी ‘मुलगा मिगमध्ये आहे’ एवढं सांगितलं की मुलीकडचे पुढचं काही विचारत नसत. अष्टविनायकातलं ओझर वेगळं, ते जुन्नरकडे. पण विघ्नहराला निघालेली एखादी चुकलेली जीप आमच्या गेटपाशी येऊन थांबायची आणि रखवालदार त्यांना परतीचा रस्ता दाखवायचा. असो.

हा कारखाना आमच्या उसाच्या आणि द्राक्षांच्या पट्ट्यात आला कसा, ते नव्या पिढीला सांगायला हवं. पाकिस्तानच्या हवाई दलाला अमेरिकेने एफ-104 स्टारफायटर दिली होती. आपल्याला त्या तोडीचं, आवाजाच्या दुप्पट वेगाचं विमान हवं होतं. अमेरिका देईना. सोव्हिएत संघाने विमान दिलं, ते भारतात बांधण्याचा परवाना दिला आणि वर पैसे रुपयांत फेडण्याची सवलत दिली. करार झाला ऑगस्ट 1962 मध्ये, म्हणजे चीनचा हल्ला व्हायच्या आधी. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि 1963 मध्ये नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. पुढच्या वर्षी ते शस्त्रास्त्रांच्या बोलणीसाठी अमेरिकेत असतानाच नेहरूंच्या निधनाची बातमी पोचली आणि दौरा अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. एफ-104 काही मिळालं नाही. त्याच वर्षी ते मॉस्कोला गेले आणि मिगच्या कामाला पुढची गती आली. ओझर नाशिकच्या पदरात पडलं ते यशवंतरावांमुळे, हे आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे.

वैमानिकांची शिकवणी त्याआधीच सुरू झाली होती. विंग कमांडर दिलबाग सिंग आणि त्यांचे मोजके सहकारी कझाकस्तानातल्या लुगोवाया इथल्या तळावर मिग-21 शिकून आले आणि 1963 मध्ये चंदीगडला 28 क्रमांकाची स्क्वाड्रन या विमानावर उभी राहिली. हेच दिलबाग सिंग पुढे हवाई दलप्रमुख झाले. आपल्या हवाई दलाला परक्याकडून शिकण्याची सवय जन्मापासूनचीच. 1932 साली दल उभं राहिलं तेव्हाचे पहिले भारतीय अधिकारी, त्यांत सुब्रतो मुखर्जी, इंग्लंडमधल्या क्रॅनवेलला शिकले होते. स्वातंत्र्यानंतरही 1954 पर्यंत दलप्रमुख इंग्रजच होते. गुरू बदलला, शिकवणी चालू राहिली.

1964 मध्ये ओझरचं काम सुरू झालं. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी वाटणी ठरली. आधी रशियातून तयार भाग यायचे आणि आपण ते जोडायचो. मग सुटे भाग येऊ लागले. मग कच्चा माल आणून भाग इथेच घडवायला सुरुवात झाली. पायरी पायरीने काम शिकवण्याची ही पद्धत चांगलीच होती, आणि ती प्रत्यक्ष शॉपमध्ये कशी चालायची ते जरा सविस्तर सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यावरच उभं आहे.

पंखाच्या मागच्या कडेला फ्लॅप असतो. त्याचा सांगाडा जिगमध्ये आवळून बसवायचा. त्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा चढवायचा, भोकं पाडायची, प्रत्येक भोकाच्या तोंडाशी किंचित उतार काढायचा, म्हणजे रिव्हेटचं डोकं पत्र्याच्या बरोबरीने बसतं. पुढचं काम दोघांचं. बाहेर एकाच्या हातात हवेवर चालणारी गन आणि आत दुसऱ्याच्या हातात डॉली, म्हणजे मुठीएवढा जड पोलादी ठोकळा. गनवाला ठोकतो, डॉलीवाला आतून दाब धरून ठेवतो, आणि रिव्हेटचं शेपूट चेपून बसतं. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. बोलणं ऐकू यायचा प्रश्नच नाही. पत्र्यावर टकटक करून खुणा करायच्या.

आमच्या शॉपमध्ये एक वयस्क रशियन तज्ज्ञ यायचे, बरोबर दुभाषी असायचा. रांगेतून चालता चालता ते नुसत्या आवाजावरून ओळखायचे की अमुक ठिकाणी डॉली तिरकी धरली आहे. थांबायचे, पोराच्या हातून डॉली घ्यायचे, मनगट कसं ठेवायचं ते दाखवायचे आणि रिव्हेट बसला की त्यावरून अंगठ्याचं नख फिरवायचे. नख अडलं की काम परत. पुढे माझ्या हाताखाली आलेल्या पोरांना मी तेच नख फिरवायला शिकवलं. हाताचं कसब त्या माणसांनी मोकळ्या मनाने दिलं, हातचं काही राखलं नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण हल्ली रशियाचं नाव काढलं की एक तर आरती तरी सुरू होते, नाहीतर शिव्या तरी.

एकदा मी धीर करून त्यांना विचारलं होतं, या कडेला दोन रिव्हेटांमधलं अंतर इतकं आणि आतल्या बाजूला त्याहून कमी, असं का? दुभाष्याने विचारलं. ते हसले आणि त्यांनी ड्रॉइंगवर बोट ठेवलं. मला वाटतं, त्यांनाही ते ठाऊक नसावं. ते कारखान्यातले. अंतर ठरवणारे लोक मॉस्कोला, मिकोयानच्या डिझाइन ब्यूरोत. हवेचा दाब कुठे किती, पत्रा कुठे थकतो, किती तासांनी तडा जाऊ शकतो, ही सगळी आकडेमोड त्या ब्यूरोच्या कपाटात होती. आपल्या हाती आली ती त्या आकडेमोडीतून निघालेली ड्रॉइंगं.

यात कोणी आपल्याला फसवलं नाही. आपण विमान बांधण्याचा परवाना मागितला होता, तो मिळाला. विमान रचण्याची विद्या आपण मागितलीच नव्हती, आणि तशी कोणी फुकट देतही नाही. मग ड्रॉइंगच्या बाहेर काही करायचं तर आधी मॉस्कोला विचारा, असंच होणार. आपल्याकडे आलेल्या मिग-21 एफएलला तोफच नव्हती, दोन क्षेपणास्त्रांवर सगळी भिस्त. पुढे पोटाखाली तोफेचा वेगळा डबा जोडावा लागला. 1971 च्या डिसेंबरात याच विमानांनी ढाक्याच्या तेजगाव विमानतळाची धावपट्टी उखडली आणि 14 तारखेला गव्हर्नरच्या निवासस्थानावर मारा केला. ती बातमी आली तेव्हा ओझरला दिवाळी होती म्हणतात. मदतीने आपल्याला युद्ध जिंकून देणारं हत्यार दिलं, हे नाकारणारा मी कोण?

पण 1991 च्या शेवटी सोव्हिएत संघच राहिला नाही, आणि ज्या पत्त्यावर आपली पत्रं जात तो पत्ताच पुसला गेला. एक भाग रशियात, दुसरा युक्रेनमध्ये, मिगची दोन आसनी विमानं बनवणारा कारखाना जॉर्जियात तिबिलिसीला. सुट्या भागांसाठी हवाई दलाची किती धावपळ झाली ते त्या काळात काम केलेल्या कोणालाही विचारा. वीसेक वर्षं आपण हे विमान बांधत होतो, आणि तरी एखादी सील किंवा झडप अडली की हात टेकत होतो.

आता चीनकडे पाहा. ख्रुश्चेव्हनी 1960 मध्ये चीनमधले सगळे सोव्हिएत तज्ज्ञ एका फटक्यात परत बोलावले. त्यानंतर मिग-21 चा परवाना चीनलाही मिळाला, पण कागद अर्धवट, किट अर्धवट, आणि शिकवायला माणूस नाही. चिन्यांनी हाती होतं ते विमान सोडवलं, एकेक भाग मोजला, नसलेले कागद स्वतः तयार केले. त्यांचं जे-7 जानेवारी 1966 मध्ये उडालं. सुरुवातीची विमानं सुमारच होती, सांस्कृतिक क्रांतीत त्यांची वर्षंच्या वर्षं वाया गेली. तरी ते त्याच विमानात बदल करत राहिले, पंखांचा आकारसुद्धा बदलला, आणि 2013 पर्यंत ते बांधून पाकिस्तानपासून बांगलादेशापर्यंत विकत राहिले. त्याच कामाच्या एका फांदीतून पुढे पाकिस्तानबरोबरचं जेएफ-17 आलं. त्याचं इंजिन रशियन आहे, म्हणजे गाडी त्यांचीही तिथे अडलीच. नक्कल करण्यात आणि दुसऱ्याच्या कागदांवर हात मारण्यात चीनला लाज नाही, हेही खरं. पण एक गोष्ट मला निवृत्तीनंतरही छळते: एकाच विमानासाठी आपल्याला मदत पुरेपूर मिळाली, त्यांना अर्धवट, आणि विमानाच्या पोटात शिरले ते. आपल्याला शिरावं लागलंच नाही. विरजण शेजारणीकडून एकदा आणायचं असतं. आपण साठ वर्षं रोज वाटी घेऊन गेलो, आणि शेजारीण चांगली म्हणून तिने दरवेळी दिलंही.

आपल्याकडे बुद्धी नव्हती म्हणून असं झालं, असं मानायला मी तयार नाही. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत गॉटिंगनला प्रांटल यांच्यासारख्या गुरूकडे शिकून आले. त्यांच्या हाताखाली बंगळूरमध्ये एचटी-2 हे प्रशिक्षण विमान तयार झालं आणि ऑगस्ट 1951 मध्ये उडालं. त्याची रचना पुरती आपली होती. आफ्रिकेत घाना स्वतंत्र झाल्यावर 1959 मध्ये त्या देशाचं हवाई दल उभं राहिलं, तेव्हा तिथली पोरं उडायला शिकली ती याच एचटी-2 वर, आणि शिकवायला भारतीय हवाई दलाचे अधिकारी गेले होते. एका मराठी माणसाने रचलेल्या विमानावर एका नव्या देशाने पहिली झेप घेतली. आमच्या शाळांच्या पुस्तकांत ही गोष्ट कधी वाचल्याचं मला आठवत नाही. घाटग्यांनीच पुढे किरण हे जेट प्रशिक्षण विमान रचलं. ते 1964 मध्ये, म्हणजे ओझरचा पाया घातला जात होता त्याच वर्षी, पहिल्यांदा उडालं.

त्याच बंगळूरमध्ये जर्मन रचनाकार कुर्ट टँक आपल्या माणसांसह 1956 पासून येऊन बसले होते आणि भारतीय अभियंत्यांना बरोबर घेऊन मारुत हे लढाऊ विमान रचत होते. जून 1961 मध्ये मारुत उडालं. परदेशी मदतीचा तो दुसरा प्रकार: कागदांची पेटी न देता गुरूच पाच-दहा वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेला. विमान सुरेख झालं, पण इंजिन तोडीचं मिळालं नाही. ब्रिटिश कंपनीच्या अधिक ताकदीच्या इंजिनाच्या विकासाला पैसा द्यायला आपण तयार नव्हतो. इंजिनासाठी इजिप्तबरोबर सौदा केला, आपले चाचणी वैमानिक कपिल भार्गव यांनी 1964 मध्ये इजिप्तचं एचए-300 हे विमान उडवूनही दाखवलं, पण तो प्रकल्पच गुंडाळला गेला. 147 मारुत बांधली गेली आणि विषय संपला. टँकच्या हाताखाली तयार झालेली रचनाकारांची ती फळी विखुरली. मिग हाताशी होतं, स्वस्त होतं, युद्धात सिद्ध झालेलं होतं. मारुतसाठी झगडणार कोण? ओझरचा माणूस असूनही मी म्हणतो, ओझरच्या यशाची किंमत काही अंशी बंगळूरने मोजली.

आणि सगळ्यात मोठी किंमत मोजली वैमानिकांनी. प्रशिक्षणाची सगळी जबाबदारी परक्यावर टाकून चालत नाही, याचा याहून कडू धडा नसेल. किरणवर शिकलेलं विशी-बाविशीचं पोर थेट मिग-21 मध्ये बसायचं. किरण मवाळ, मिग जमिनीवर टेकताना ताशी 300 किलोमीटरच्या वर असतं. मधली पायरीच नव्हती. ही पायरी, म्हणजे प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवं, असं हवाई दलाच्या अपघातांचा अभ्यास करणाऱ्या ला फाँतेन समितीने 1982 मध्ये सांगितलं. ब्रिटिश हॉकचा करार झाला मार्च 2004 मध्ये, आणि हॉक बिदरला दाखल झाली 2008 मध्ये. सांगण्यापासून मिळण्यापर्यंत सव्वीस वर्षं. यात मॉस्कोचा काय दोष? सोव्हिएतांनी विमान दिलं. ते चालवायला आपली पोरं पायरीपायरीने तयार करणं हे काम आपलं होतं, आणि ते आपण फायलींमध्ये ठेवलं.

17 सप्टेंबर 2001 च्या रात्री राजस्थानात सुरतगडहून उडालेलं फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचं मिग-21 कोसळलं. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी त्यानंतर या विमानांबद्दल आणि प्रशिक्षणाबद्दल देशाला प्रश्न विचारले, वर्षानुवर्षं. 2012 मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलं, की चार दशकांत मिग जातीच्या विमानांचे 482 अपघात झाले आणि 171 वैमानिक गेले. अपघाताची बातमी आली की आमच्या शॉपमध्ये त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पत्ते निघत नसत. प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न, विमानाचा नंबर काय. ‘उडती शवपेटी’ हा शब्द मला तेव्हाही आवडला नाही आणि आजही आवडत नाही. पण तो ज्यांच्या घरातून आला त्यांना मी बोलणारा कोण?

एवढं सगळं ऐकून कोणी म्हणेल, म्हातारा नुसता रडगाणं गातोय. तसं नाही. सुखोईच्या वेळी परिस्थिती सुधारली. डिसेंबर 2000 मध्ये 140 विमानं इथे बांधण्याचा करार झाला आणि 2004 पासून ती ओझरहून बाहेर पडू लागली. या विमानात फ्रेंच, इस्रायली आणि आपली स्वतःची इलेक्ट्रॉनिक्स रशियन सांगाड्यात बसवली होती; काय हवं ते आपण ठरवलं होतं. मिग-21 च्या बायसन या सुधारित रूपातही तसंच केलं होतं. आणि खरा कस लागला तो ब्राह्मोसच्या वेळी.

ब्राह्मोस हे क्षेपणास्त्र जमिनीवरून आणि जहाजावरून सुटत होतं. ते सुखोईच्या पोटाखाली लावायचं होतं. वजन सुमारे अडीच टन. रशियन रचनाकारांनी ज्याचा विचारच केला नव्हता असं ओझं विमानाच्या मध्यरेषेला टांगायचं, ते घेऊन उडायचं आणि हवेत सोडायचं. सोडल्या क्षणी विमान अडीच टनांनी हलकं होतं, तेव्हा सांगाड्याला बसणारा हिसका सांभाळायचा. इथे ड्रॉइंगवर बोट ठेवून भागणार नव्हतं, कारण ड्रॉइंगच नव्हतं. सांगाडा कुठे मजबूत करायचा, किती, कोणत्या धातूने, हे आपल्याच अभियंत्यांनी काढलं. 25 जून 2016 ला ब्राह्मोस लावलेलं सुखोई नाशिकहून उडालं आणि 22 नोव्हेंबर 2017 ला बंगालच्या उपसागरावर ते क्षेपणास्त्र पहिल्यांदा विमानातून डागलं गेलं. माझ्या मते 222 या आकड्यापेक्षा हे एक उड्डाण मोठं. 222 विमानं बांधून कसब सिद्ध झालं. त्या एका उड्डाणात अक्कल सिद्ध झाली.

त्याच सुखोईमुळे गुरूची खुर्चीही पुन्हा आपल्याकडे आली. मलेशियाने सुखोई घेतली तेव्हा त्यांचे वैमानिक आणि तंत्रज्ञ तयार करायला 2008 पासून आपल्या हवाई दलाची तुकडी तिथे जाऊन राहिली होती. व्हिएतनामच्या सुखोई वैमानिकांना शिकवण्याचा करार 2016 मध्ये झाला. त्याआधी इराकच्या वैमानिकांना आपल्या लोकांनी वर्षानुवर्षं शिकवलं होतं. आता एचटीटी-40 नाशिकहून बाहेर पडणार आहे. आपल्या हवाई दलाने 2023 मध्ये अशी 70 विमानं मागवली आहेत. घानासारखे देश उद्या हे विमान आपल्याकडे मागतील, असं मला मनापासून वाटतं. तेव्हा त्यांनी आपल्या फोरमनला ‘असं का?’ म्हणून विचारलं, तर तो ड्रॉइंगवर बोट ठेवणार नाही एवढी तजवीज आपण करावी.

तेजसकडे येतो. विमान आपलं, रचना आपली, इंजिन अमेरिकन. फेब्रुवारी 2021 मध्ये 83 विमानांचा करार झाला, पहिली विमानं मार्च 2024 पर्यंत द्यायची होती. या तुकडीसाठी मागवलेलं पहिलं इंजिन अमेरिकन कंपनीने दिलं मार्च 2025 मध्ये. इंजिनाविना सांगाडे उभे. सप्टेंबर 2025 मध्ये आणखी 97 विमानांचा, 62,370 कोटी रुपयांचा करार झाला. नाशिकच्या साखळीची क्षमता वर्षाला आठ विमानांची सांगतात. कावेरी इंजिनाला 1989 मध्ये मंजुरी मिळाली होती. ते तेजसच्या उपयोगाचं ठरलं नाही आणि 2008 मध्ये दोघांची ताटातूट झाली. आता पुढच्या पिढीच्या इंजिनासाठी अमेरिकन आणि फ्रेंच कंपन्यांशी बोलणी चालू आहेत आणि वर्तमानपत्रांत ‘80 टक्के तंत्रज्ञान हस्तांतर’ असे मथळे येतात.

हे टक्के कशाचे, ते आधी विचारायला हवं. किमतीचे? भागांच्या संख्येचे? इंजिनातल्या पात्यांचा धातू कसा ओततात आणि तो त्या तापमानाला का टिकतो, ही विद्या उरलेल्या 20 टक्क्यांत अडकली असेल तर 80 टक्क्यांना काय चाटायचं आहे? ओझरला मिग-21 च्या शेवटी शेवटी कच्च्या मालापासून बहुतेक सगळं आपण करत होतो. टक्क्यांत मोजलं असतं तर आपण तेव्हाच स्वावलंबी झालो होतो.

मला करारात तीन ओळी जास्त हव्यात, दुसरं काही नको. आपले किती रचनाकार त्यांच्या ब्यूरोत, किती वर्षं, कोणत्या टेबलावर बसणार, हे लिहिलेलं हवं. चाचण्यांची आणि बिघाडांची मूळ नोंद आपल्याला मिळणार का, हे लिहिलेलं हवं. आणि आपण विमानात बदल करायचा ठरवला तर कोणाची परवानगी लागणार, हेही. याची किंमत जास्त पडेल. पडू दे. 1962 मध्ये आपण गरीब होतो, घाईत होतो, चीन डोक्यावर होता. तेव्हा मिळेल ते घेतलं, बरोबरच केलं. आज ती सबब चालणार नाही.

आणि घरचं कामही आहे. सुखोईची ऑर्डर संपत आली तेव्हा ओझरच्या चहाच्या टपरीवर ‘पुढे काय’ याशिवाय दुसरा विषय नव्हता. अंबड-सातपूरच्या ज्या लहान कारखानदारांनी कर्ज काढून विमानाच्या भागांसाठी यंत्रं घेतली होती, ते दुसऱ्या कामाला लागले. शिकलेला हात एकदा सुटला की परत येत नाही; तो पुण्याला जातो, नाहीतर दुबईला. दोन विमानांच्या मधल्या रिकाम्या वर्षांत माणसं टिकवायची कशी, याचं उत्तर कोणत्याही परदेशी करारात सापडणार नाही. ते दिल्लीने आणि आपण मिळून शोधायचं आहे.

म्हणून नाशिककरांना एक विनंती. पुढच्या वेळी खासदार किंवा मंत्री ओझरला नवी साखळी सुरू करायला आले, की विमानं किती आणि नोकऱ्या किती, एवढंच विचारून थांबू नका. या विमानातला एखादा भाग बदलायचा झाला तर परवानगी कोणाची लागते, हे विचारा. उत्तर ‘आपलीच’ असं आलं तर टाळ्या वाजवा. दुसरं काही आलं तर तारीख विचारा.